हमीची मुदत सरल्यानंतर

मनगटावरचे स्मार्ट घड्याळ खरेदीनंतर तेराव्या किंवा चौदाव्या महिन्यात एकाएकी बंद पडावे, चार्जरला लावले असता पडद्यावर कंपनीचे चिन्ह क्षणभर उमटून पुन्हा मावळावे, आणि ग्राहकसेवेकडे विचारणा करताच 'आपल्या वस्तूची वॉरंटी संपलेली आहे' एवढे एकच उत्तर पुनःपुन्हा ऐकावे लागावे, हा अनुभव आता केवळ पुण्या-मुंबईच्या ग्राहकाच्या वाट्याचा राहिलेला नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजीसारख्या महामार्गालगतच्या गावातही ट्रकचालक, शिक्षक, कपाशीचा शेतकरी आणि त्याची महाविद्यालयात जाणारी मुले ही घड्याळे वापरतात. ती घरपोच येतात, परंतु बिघडली म्हणजे अधिकृत सेवाकेंद्र गावी नसते, पुष्कळदा नांदुऱ्यास किंवा मलकापुरासही नसते, आणि त्यासाठी अकोल्याची वा जळगावची वाट धरावी लागते. ज्या वस्तूची किंमत दीड-दोन हजार रुपये, तिच्यासाठी एक दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचे भाडे खर्चावे की नाही, या विचारात अनेक ग्राहक तो विषय तेथेच सोडून देतात. तसे सोडून देण्यापूर्वी काय काय करता येते, कोणत्या क्रमाने करावे, आणि कोणत्या कंपनीवर पुन्हा विश्वास ठेवावा, याची माहिती अशा ग्राहकाच्या हाती असावी, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

आरंभीच माझे मत सांगून टाकतो. हमीच्या मुदतीत कंपनी जे काही करते ते लेखी करारान्वये बांधली गेल्यामुळे करते. त्यावरून तिची नियत कळत नाही. मुदत सरल्यानंतर, जेव्हा तिला उघड असे कोणतेही बंधन उरलेले नसते, तेव्हा ती आपल्या जुन्या ग्राहकाला उत्तर कसे देते, सुटा भाग पुरविते काय, दोष आपला असल्यास तो कबूल करते काय, यावरच तिची पत ठरते आणि यावरच ती ठरविली जावी.

मागील पिढीला हा प्रश्न या स्वरूपात कधी पडलाच नाही. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोर येथे घड्याळांचा कारखाना काढला, १९८४ साली टाटा उद्योगसमूह आणि तमिळनाडू सरकारचे औद्योगिक विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून टायटन कंपनी उभी राहिली, आणि या घड्याळांनी भारतीय मनगटावर जो अधिकार गाजविला त्याचे अर्धे श्रेय कारखान्याचे असले तरी अर्धे तालुक्याच्या बाजारात भिंग डोळ्याला लावून बसणाऱ्या घड्याळजीचे होते. मागचे झाकण उघडत होते, स्प्रिंग आणि चक्र वेगळे काढता येत होते, सेल चार-दोन मिनिटांत बदलता येत होता. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला, परंतु त्यानंतरही त्यांची घड्याळे दुरुस्त होतच राहिली. वस्तू दुरुस्त होऊ शकते ही गोष्टच तेथे हमीपत्राचे काम करीत होती.

स्मार्ट घड्याळाची रचना याच्या नेमकी उलट आहे. पडदा, बॅटरी, संवेदक आणि इलेक्ट्रॉनिक पट्टी ही एका लहानशा पेटीत डिंकाने चिकटवून बंद केलेली असतात, आणि ती उघडली की पाणी रोखणारी गोलाकार पट्टी फाटते, पडदा तडकण्याचा संभव असतो, व पूर्वीची जलरोधकता बहुधा परत येत नाही. या पेटीतील सर्वांत अल्पायुषी घटक म्हणजे लिथियम-आयन बॅटरी. साधारण दर्जाच्या अशा बॅटरीची साठवणक्षमता तीनशे ते पाचशे पूर्ण आवर्तनांनंतर मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास उतरणे हे नैसर्गिक मानले जाते; म्हणजे जे घड्याळ रोज पूर्ण भरून रोज रिकामे करावे लागते त्याची बॅटरी वर्ष-सव्वा वर्षातच या टप्प्याला येते, आणि एक वर्षाची हमी नेमकी तोवर संपत आलेली असते. उष्णता या ऱ्हासाला वेग देते. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंश सेल्सियसपेक्षा अधिक तापमानात भरू नये असा सर्वसाधारण संकेत आहे, आणि वऱ्हाडातील वैशाखात पत्र्याच्या खोलीत किंवा ट्रकच्या काचेखाली चार्जिंगला ठेवलेले घड्याळ ती मर्यादा सहज ओलांडते. उन्हाळ्यात घड्याळ पहाटे किंवा रात्री भरावे, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून कदापि भरू नये.

पाण्याविषयीचा गैरसमज याहूनही महागात पडतो. '५ एटीएम' याचा अर्थ नव्या घड्याळाने प्रयोगशाळेत पन्नास मीटर खोल स्थिर पाण्याइतका दाब सोसला एवढाच आहे. घड्याळ बांधून विहिरीत सूर मारण्याची ती परवानगी नव्हे. 'आयपी ६८' या अंकांतील ६ हा आकडा धुळीविषयीचा व ८ हा पाण्यात बुडण्याविषयीचा आहे, आणि पाण्याची चाचणी स्वच्छ पाण्यात व नव्या वस्तूवर होते. घाम, साबण, कढत पाणी, आणि आमच्या भागात विशेषेकरून कपाशीवरील फवारणीची औषधे, यांनी ती रबरी पट्टी हळूहळू निकामी होते. फवारणीच्या दिवशी घड्याळ घरी काढून ठेवणे हा साधा नियम पाळला तरी पुष्कळ घड्याळे वाचतील. अंगाच्या दृष्टीनेही तेच हितावह, कारण पट्ट्याखाली साचलेले औषध त्वचेला लागून राहते.

आता घड्याळ बंद पडलेच आहे असे धरून चालू. पहिली गोष्ट म्हणजे आहे त्या स्थितीत त्याचे छायाचित्र व एक छोटी चित्रफीत काढून ठेवावी, ज्यात पडद्याचे वर्तन, मागील बाजूचा अनुक्रमांक आणि चार्जर लावल्यावर काय होते हे स्पष्ट दिसेल. यानंतरच घरगुती उपाय करावेत. मागील बाजूच्या धातूच्या टोकांवर घामातील क्षारांचा थर साचून चार्जिंग थांबणे हे अत्यंत नित्याचे कारण आहे, आणि त्याला मृत्यू समजून घड्याळ टाकून दिले जाते. मऊ कोरड्या ब्रशने, आणि तेवढ्याने न भागल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या बोळ्याने ती टोके पुसावीत आणि पूर्ण वाळू द्यावीत. मोबाइलच्या शीघ्र चार्जरऐवजी साध्या, कमी शक्तीच्या चार्जरवर घड्याळ तासभर तसेच राहू द्यावे, कारण पूर्ण रिकामी झालेली बॅटरी काही वेळ कोणतीच खूण दाखवीत नाही. नंतर बाजूची कळ पुस्तिकेत सांगितली असेल तितका वेळ दाबून धरावी. शेजाऱ्याकडे त्याच जातीचे घड्याळ असेल तर त्याचा चार्जर लावून पाहावा. दोष घड्याळात की तारेत याचा उलगडा त्यातून होतो.

परंतु पडदा एका कडेने उचलला गेलेला दिसला, पाठ फुगलेली भासली, किंवा घड्याळ विनाकारण तापू लागले, तर वरीलपैकी काहीही करू नये. ते बॅटरी फुगल्याचे लक्षण आहे. घड्याळ तत्काळ मनगटावरून काढावे, चार्जिंग थांबवावे, दाबून पडदा बसविण्याचा प्रयत्न करू नये, आणि अंथरूण, कापूस, रॉकेल यांपासून दूर, शक्य तर मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात ते ठेवावे. लहान मुलांच्या हाती ते लागू नये ही काळजी घरातील प्रत्येकाने घ्यावी.

घरगुती उपाय फसले म्हणजे कागदपत्रांकडे वळावे. पावती, हमीपत्र, खोका आणि ऑनलाइन खरेदी असल्यास मागणीचा क्रमांक, ही चार साधने ज्याच्यापाशी आहेत त्याची बाजू अर्धी भक्कम झाली. दुकानातील यंत्रातून निघणाऱ्या पावतीवरील अक्षरे कालांतराने पुसट होतात, म्हणून खरेदीच्या दिवशीच तिची छायाप्रत काढून ठेवणे श्रेयस्कर. खोक्यावर उत्पादक किंवा आयातदार यांचे नाव व पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष, कमाल विक्री किंमत आणि ग्राहकतक्रारीसाठी दूरध्वनी व ईमेल छापलेला असणे हे २०११ च्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि तक्रार कोणाच्या नावे करावयाची याचे उत्तर तेथेच मिळते. हमीपत्र बारकाईने वाचावे. घड्याळाला एक वर्ष असले तरी बॅटरीला वा चार्जरला वेगळी, कमी मुदत असू शकते, आणि उलट, संकेतस्थळावर नोंदणी केल्यास काही महिन्यांची वाढीव मुदत दिलेली असते, जी अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

कंपनीशी फोनवर बोलून भागत नाही, तिला लिहावे. लिहिताना राग गिळावा आणि मजकूर मोजका ठेवावा. नमुन्यादाखल असा: 'मी अमुक तारखेस, अमुक पावतीने, अमुक अनुक्रमांकाचे घड्याळ अमुक किमतीस खरेदी केले. अमुक तारखेपासून ते चार्ज होत नाही. घड्याळ पडलेले नाही, पाण्यात बुडालेले नाही, व कोणत्याही त्रयस्थाकडून उघडले गेलेले नाही. सामान्य वापरात एवढ्या अल्प काळात ते पूर्णतः निकामी होणे हा निर्मितीतील दोष आहे असे माझे म्हणणे आहे. आपण त्याची तपासणी करून लेखी अहवाल द्यावा, आणि विनामूल्य दुरुस्ती, रास्त दराने बदली, अथवा सुट्या भागाचा पुरवठा यांपैकी काय करणार ते पंधरा दिवसांच्या आत कळवावे.' यातील प्रत्येक विधान खरे असेल तरच लिहावे. घड्याळ पाण्यात पडले असेल तर तसे नमूद करावे. तपासणीत ते दिसतेच, आणि एक असत्य विधान उरलेल्या नऊ सत्य विधानांचे मोल घालविते. खरेदी ऑनलाइन असल्यास या पत्राची प्रत विक्रीमंचाच्या तक्रार अधिकाऱ्यासही पाठवावी, कारण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच द्यावयाची असते आणि एका महिन्यात तिचा निकाल लावावयाचा असतो.

मुदत संपली म्हणजे हक्क संपला, ही समजूत ग्राहकाच्या मनात इतकी खोल रुजली आहे की तिचे निराकरण विस्ताराने करणे मला आवश्यक वाटते. हमीपत्र हे कंपनीने आपण होऊन दिलेले वचन आहे. कायद्याने ग्राहकाला दिलेले संरक्षण त्याहून निराळे आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या १६ व्या कलमात विकलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे अशी गर्भित अट आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'दोष' या संज्ञेची व्याख्या गुणवत्ता, प्रमाण, सामर्थ्य, शुद्धता व मानक यांतील कोणत्याही उणिवेपर्यंत विस्तृत केलेली आहे. तेव्हा मुदतीनंतरही मूळ निर्मितीतील दोषाबद्दल दाद मागता येते. फरक एवढाच की तो दोष मूळचाच होता हे शाबीत करण्याचा भार ग्राहकावर येतो आणि कालांतराने तो भार जड होत जातो. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. बॅटरी दोन दिवसांऐवजी सव्वा दिवस टिकू लागली ही झीज आहे, आणि तिच्याबद्दल भांडण्यात अर्थ नाही. उत्तम चालणारे घड्याळ एका रात्रीत निर्जीव झाले, किंवा कंपनीच्या नव्या सॉफ्टवेअरनंतर बंद पडले, किंवा त्याच नमुन्याची गावातील चार घड्याळे त्याच प्रकारे गेली, ही मात्र दोषाची लक्षणे आहेत.

दाद मागण्याची पहिली पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक. तेथे मराठीत बोलता येते, शुल्क नाही, आणि नोंदविलेली तक्रार कंपनीकडे उत्तरासाठी धाडली जाते. ही व्यवस्था न्यायालय नव्हे, हुकूम देण्याचा अधिकार तिला नाही. तथापि दुर्लक्षित पत्रांना उत्तर मिळवून देण्याचे काम ती पुष्कळदा करते. तेथे समाधान न झाल्यास बुलढाणा येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. पूर्वी १९८६ च्या कायद्यानुसार विरुद्ध पक्षाचे ठाणे किंवा व्यवहाराचे स्थळ पाहावे लागे. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी-धंदा करतो तेथील आयोगातही तक्रार दाखल करण्याची मुभा दिली, आणि वडनेरच्या ग्राहकाच्या दृष्टीने या कायद्यातील ही सर्वांत मोलाची सुधारणा होय. कंपनीचे कार्यालय गुरुग्राममध्ये असो की बंगलोरात, तिने उत्तर देण्यासाठी बुलढाण्यात हजर व्हावयाचे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील देणे सक्तीचे नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, आणि सुनावणी दृक्‌श्राव्य माध्यमातून व्हावी असा अर्जही करता येतो. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार रुजू झाली पाहिजे. विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अधिक काळ लागू शकतो याची तयारी ठेवावी. त्याच नमुन्याने पीडित झालेले अनेक ग्राहक आयोगाच्या अनुमतीने एकत्रित तक्रारही करू शकतात. आणि घड्याळाने मनगट भाजले, तर हमीच्या मुदतीचा प्रश्नच गौण ठरतो. त्या हानीची भरपाई उत्पादन-दायित्वाच्या स्वतंत्र प्रकरणाखाली मागता येते.

एवढे सांगूनही, दीड हजाराच्या प्रत्येक घड्याळासाठी आयोगाची पायरी चढावी असे मी म्हणणार नाही. पत्र आणि १९१५, ही दोन पावले मात्र प्रत्येकाने टाकावीत. त्यांना खर्च नाही. आयोगाचा मार्ग महागड्या घड्याळासाठी, सामूहिक दोषासाठी, आणि ज्यात शरीराला धोका आहे अशा प्रकरणासाठी राखून ठेवावा. या महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली, तेव्हा देशात ग्राहकासाठी स्वतंत्र कायदाही नव्हता. एकट्याने सोडून दिलेली तक्रार दहा जणांनी मिळून केली की तिला वजन येते, हे त्या कार्यकर्त्यांनी संघटनेच्या बळावर दाखवून दिले.

कंपन्यांची परीक्षा कशी करावी, याची उदाहरणे जगात आहेत. ॲपलने ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या दुसऱ्या व तिसऱ्या मालिकेतील ॲल्युमिनियमच्या काही घड्याळांचा पडदा कडेने तडकतो हे मान्य केले आणि मूळ विक्रीपासून तीन वर्षांपर्यंत तो विनामूल्य बदलून दिला. फिटबिटचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे, कारण त्यात दोन्ही बाजू दिसतात. मार्च २०२२ मध्ये त्या कंपनीने 'आयॉनिक' हे घड्याळ बॅटरी तापण्याच्या कारणास्तव परत मागविले. एकट्या अमेरिकेत सुमारे दहा लाख घड्याळे विकली गेली होती, तापल्याच्या ११५ तक्रारी व भाजल्याच्या ७८ घटना नोंदल्या गेल्या होत्या, आणि हमी असो वा नसो, ग्राहकाला २९९ डॉलर परत देऊ करण्यात आले. तथापि ही माहिती वेळेवर न कळविल्याबद्दल जानेवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीला १ कोटी २२ लाख ५० हजार डॉलरचा दंड भरण्याचे मान्य करावे लागले. ऑस्ट्रेलियात तर तेथील संघ न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तिला १ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला, आणि तो आपल्या विषयाशी अगदी थेट जोडलेला आहे: कंपनीच्या मुदतीपलीकडे कायद्याने मिळणारे हक्क तुम्हाला नाहीत, असे तिने सदोष घड्याळाच्या ग्राहकांना चुकीचे सांगितले होते.

पेबल या कंपनीची कथा वेगळा धोका दाखविते. डिसेंबर २०१६ मध्ये ती बंद झाली, जून २०१८ मध्ये तिची संगणकसेवा थांबली, आणि यंत्र धडधाकट असूनही घड्याळाची कित्येक कामे संपुष्टात आली. काही उत्साही वापरकर्त्यांनी पर्यायी सेवा उभी केली म्हणून ती घड्याळे वाचली. तेव्हा घड्याळ घेताना केवळ यंत्र पाहू नये. मोबाइलमधील त्याचे ॲप शेवटचे केव्हा सुधारले गेले हेही पाहावे.

आपल्या देशातील बाजारानेही कंपन्यांना काही सुनावले आहे. आयडीसी या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ साली भारतात सुमारे ५ कोटी ३४ लाख स्मार्ट घड्याळे बाजारात गेली, आणि २०२४ साली ती संख्या सुमारे साडेतीन कोटींवर आली. या घसरणीला अनेक कारणे आहेत, परंतु पहिले स्वस्त घड्याळ वर्षभरात टेबलाच्या खणात जाऊन पडलेला ग्राहक दुसरे घेण्यास फिरकला नाही, हे त्यांपैकी एक प्रमुख कारण आहे असे माझे ठाम मत आहे. खामगावच्या चांदीला दूरदूरचे गिऱ्हाईक येते ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या शुद्धतेच्या ख्यातीमुळे; घड्याळाच्या कंपन्यांनी जाहिरातीवर जेवढे द्रव्य ओतले त्याचा काही अंश जरी तालुक्यातालुक्यात सुटे भाग पोहोचविण्यावर खर्च केला असता तरी त्यांची पत निराळी झाली असती. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघाने तर १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटऱ्या, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्यालाच बदलता येतील अशा असाव्यात असा नियम केला आहे. आपल्याकडेही तेथवर जाण्याची मागणी ग्राहकांनी लावून धरली पाहिजे.

गेलेले घड्याळ गेलेच, असे ठरले तर त्यातील आपली माहिती शक्य असल्यास पुसावी, मोबाइलमधील खात्यातून त्याची जोडणी काढावी, आणि ते उकिरड्यावर न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी अशा कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. स्थानिक कारागिराकडून बॅटरी बदलून घ्यावयाची असल्यास हमी पूर्ण संपल्यावरच घ्यावी, आणि त्यानंतर ते घड्याळ जलरोधक राहिलेले नाही असे धरून वापरावे.

नवे घड्याळ घेण्याचा प्रसंग आला म्हणजे खरेदीपूर्वी कंपनीला ईमेलने चार गोष्टी विचाराव्यात: माझ्या पिनकोडवरून बिघडलेली वस्तू नेण्याची सोय आहे काय, नसल्यास सर्वांत जवळचे सेवाकेंद्र कोठे आहे, मुदतीनंतर बॅटरी व पडदा बदलण्याचा आजचा दर काय, आणि या नमुन्याला सॉफ्टवेअरची सुधारणा किती वर्षे मिळेल. आठ दिवसांत सरळ उत्तर आले तर ती कंपनी विचारात घ्यावी. उत्तर आले नाही, किंवा जाहिरातीचाच मजकूर परत आला, तर दुसरी पाहावी. आलेल्या उत्तराची छापील प्रत काढून, घड्याळ घेतल्यावर ती पावतीला टाचून ठेवावी, म्हणजे पुढे वाद उद्भवल्यास कंपनीचा स्वतःचा शब्द पुराव्यादाखल आपल्या हाती राहील.